पहिल्या हाकेला ओ

८ डिसेंबर, रविवार

मला वाघाची भीती वाटते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे पानोपानी तेच लिहायला नको.

ही डायरी टपालखात्याची, तीन वर्षांपूर्वीची, पूर्ण कोरी. मी ग्रामीण डाकसेवक. सिंदेवाहीच्या बाजूच्या सात गावांची डाक सायकलवरून वाटते. सातवं गाव टेकाडी. जंगलातून गेलं तर चार किलोमीटर, डांबरी रस्त्यानं अकरा. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मी अकराच जाते. कोणी विचारलं की वाघ म्हणते. आमच्या भागात या कारणावर उलट प्रश्न कोणी करत नाही.

आणि अशी ही शूर बाई बुधवारपासून पाच दिवस जंगलातून सायकलची शर्यत करणार आहे. आरमोरीहून निघायचं, आधी वैनगंगेच्या काठानं, मग वर्धा येऊन मिळाली की प्राणहितेच्या काठानं, थेट सिरोंच्यापर्यंत. पायवाटा, रेती, नाले, दरडी. डांबर जवळपास नाहीच. जोडीची शर्यत आहे. दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड.

जोडीदार प्रणित. माझा धाकटा भाऊ, चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ सायकलच्या दुकानात मिस्त्री आहे. मला न विचारता त्यानं दोघांची नावं भरली आणि आज गिअरच्या दोन सायकली टेम्पोत घालून घरी हजर.

"बाई, तू रोज तीस किलोमीटर फिरते," म्हणाला. "तुह्यासारखी जोडीदार मले कुठी भेटन?"

लहानपणी एकदा त्यानं मला नावानं हाक मारली होती तेव्हा बाबांनी त्याचा कान असा पिळला की तेव्हापासून मी त्याची बाईच आहे, म्हणजे ताई. बाबा तरुणपणी काळ्या सायकलला जाळं बांधून सिरोंच्यापर्यंत गेले होते, प्राणहितेतला मासा कसा असतो ते पाहायला. तो काठ प्रणितला बघायचा आहे म्हणे. मी नाही म्हणणार होते. पण बाबा गेल्यापासून हा पोरगा सणाला येतो, जेवतो, आईच्या पाया पडतो आणि शेवटच्या बसनं परत जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. पहिल्यांदाच आपणहून काही मागितलं, तर नाही कसं म्हणू?

आता झोपायच्या आधी खरं लिहिते. पाच दिवस तो आणि मी, दुसरं कोणी नाही. तो विचारेल. बाबांच्या तेराव्याला विचारलं होतं, "त्या दिवशी तुले कायच आयकू नाई आलं का?" मी नाही म्हणाले होते. परत विचारलं तर परत नाहीच म्हणायचं. मला माझा भाऊ गमवायचा नाही.

बाबांबद्दल या डायरीत लिहिणार नाही. वाघाबद्दल हवं तेवढं लिहीन.

१० डिसेंबर, मंगळवार. आरमोरी

सोळा जोड्या आहेत. नागपूरचे, पुण्याचे, दोघे तर बंगलोरहून आलेले. त्यांच्या पायांवर केस नाहीत, प्रणित म्हणतो शर्यतवाले काढतात. आईला सांगितलं तर ती जेवणार नाही.

आमच्या बाजूच्या तंबूत भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली खुशबू आणि तिचा नवरा धनराज. खुशबू एका वाक्यात तीन भाषा बोलते. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाली, "दीदी, डरना मत. टायगर सायकलवाल्याले नाई पकडत, त्याले चेन का आवाज आवडत नाई." हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे.

संध्याकाळी सामान तपासलं. हेल्मेट, ट्यूब, पंप, दोन बाटल्या, दोरी, गळ्यात शिट्टी. प्रत्येकाला काडेपेटीएवढं एक यंत्र दिलं. त्यावरून कोण कुठे आहे ते शर्यतीच्या लोकांना लॅपटॉपवर दिसतं. मग देवानंद सरांनी हजेरी घेतली. ते शर्यतीचे प्रमुख, आवाज हेडमास्तरचा.

"चंदा वारलू शेंडे."

मी त्यांच्यासमोर दोन हात अंतरावर उभी होते. तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांनी गैरहजर लिहिलंसुद्धा.

"सर, तिले आणखी एक डाव बोलवा," प्रणित मागून म्हणाला. "ती पयल्या हाकेले ओ देत नाई."

सगळे हसले. मीही हसले. पण प्रणित हसला नाही, हे मी पाहिलं. दिवसभर सायकली बांधून दमला असेल.

आमच्याकडची रीत आहे ती. जंगलात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, तेही ओळखीच्या आवाजात, आणि ओ दिली की तुमच्या मागे घरापर्यंत येतं. म्हणून आमचे लोक मोहफुलं वेचताना, तेंदूपानं तोडताना दोनदा हाका मारतात. बाबा तर घरातसुद्धा दोनदा मारत. चंदेऽ. मग एक श्वास घेण्याइतकं थांबत. मग पुन्हा चंदेऽ. तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, त्यांची दुसरी हाक आली की आम्ही दोघं ओट्यावरून ओरडून ओ द्यायचो.

पण ही जंगलातली रीत. हजेरीत कोण पाळतं? मला अलीकडे काय होतं कळत नाही. पोस्टातही मास्तरांना दोनदा बोलवावं लागतं.

बाबांबद्दल लिहायचं नव्हतं. राहू दे आता.

११ डिसेंबर, बुधवार. मार्कंडा

पहिला दिवस. बहात्तर किलोमीटर. सोळा जोड्यांत अकरावा नंबर. मांड्या दगड झाल्या आहेत, पण जिवंत आहे.

सकाळी नदीवर धुकं होतं आणि काठावरच्या धानाच्या बांध्या नुकत्याच कापलेल्या. तिथवर बरं वाटलं. माणसं होती, बैल होते, एक म्हातारी आमच्या हेल्मेटकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मग रान सुरू झालं. साग, ऐन, मधे बांबूची बेटं. बांबूत कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही. एका ठिकाणी वानर खाकरलं, एकदा, दोनदा. म्हणजे खाली कोणीतरी चालतंय. माझा गिअर दोनदा भलताच पडला. मी मनात म्हणत होते, चेनचा आवाज, चेनचा आवाज. खुशबूचं भलं होवो.

प्रणित पुढे असतो. पुढचा रस्ता बघून मागे ओरडतो, "बाई, रेती!" किंवा "बाई, नाला!" एकदाच ओरडतो. दहा वर्षं शहरात राहून दोनदा हाक मारायची सवय गेली त्याची. मी ओ दिली की त्याला कळतं, मी मागे आहे. आणि मी ओ देत नाही. देत नाही म्हणजे निघतच नाही. मग तो थांबतो, वळून बघतो, दम खातो. याच्यात आमची पंचवीस मिनिटं गेली असतील.

चौथ्यांदा थांबला तेव्हा चिडला.

"तू ओ काऊन देत नाई व? मांगं हाय का नाई, मले कसं समजन?"

"हवा होती कानात. आयकू नाई आलं."

"आयकू नाई आलं," तो म्हणाला, माझेच शब्द. मग बाटलीतलं पाणी प्यायला आणि सायकलवर बसला.

कानाच्या डॉक्टरकडे ने म्हणेल आता. म्हणू दे. ते सोपं आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार. चपराळा

काही झालं नाही. दिवसभर वाटत होतं आता होईल, आता होईल, आणि झालं नाही. यानं जास्त दमले.

दोन नद्या मिळतात तिथे अंघोळ केली. पाणी बर्फ.

१३ डिसेंबर, शुक्रवार. अहेरी

आज ठसा पाहिला.

चपराळ्यातून निघून तासभर झाला असेल. नाल्याच्या ओल्या रेतीत, आमच्या पुढच्या जोडीच्या टायरच्या रेघेवर, वाघाचा पंजा. रेघेच्या वर. म्हणजे ती जोडी गेल्यावर आणि आम्ही येण्याआधी. माझ्या पंजापेक्षा मोठा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या आणि खळग्यात पाणी झिरपत होतं. मी सायकलवरून उतरले नाही, पडलेच. प्रणितनं मला उभं केलं. वनरक्षक मोटरसायकलवरून मागे होते, त्यांनी अर्धा तास सगळ्यांना थांबवलं, फटाके वाजवले, मग सोडलं.

तो अर्धा तास आम्ही एका मोठ्या दगडावर पाठीला पाठ लावून बसलो होतो. तो त्या बाजूचं रान बघत होता, मी या बाजूचं. तोंडं दिसत नव्हती म्हणून असेल, तो बोलू लागला.

"बाबा दोन डावच हाक मारे ना नेहमी?"

"हो."

"एखाद्या डाव एकच मारली असंल तर?"

समोर एक सुकलेलं पान हललं.

"मले काय माहीत," मी म्हणाले.

"त्या दिवशी तुही टोपली मीच आणली होती. मोहाची. अर्धी भरलेली होती."

"घाईत राहिली असंल."

"हो," तो म्हणाला. "घाईतच."

मग शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. त्यानं सरळ विचारलं नाही, देवाची कृपा. टोपली कुठल्या झाडाखाली होती हे त्याच्या लक्षात नसणार. तळ्याभोवती मोहाची झाडं काय थोडी आहेत?

रात्रीचं जेवण गेलं नाही. खुशबूनं जबरदस्तीनं खिचडी भरवली. सगळ्यांना वाटतंय मी ठशानं घाबरले. घाबरलेच आहे. डोळे मिटले की ती ओली रेती दिसते, आणि मग का कोण जाणे, टोपली.

उद्या सत्तावन्न किलोमीटर. आज दोनदा खोटं बोलले. उद्या तरी न विचारो.

१४ डिसेंबर, शनिवार. बामणी

सगळं लिहिणार आहे.

सकाळी अहेरीहून निघालो तेव्हा धुकं इतकं दाट की सायकल अंदाजानं चालवायची. वाट प्राणहितेच्या दरडीच्या अगदी कडेनं. डावीकडे साग, उजवीकडे दरड, खाली नदी, ती ऐकू येत होती पण दिसत नव्हती. प्रणित पंधरा-वीस हात पुढे. त्याचं पिवळं जाकीट मधेच दिसे, मधेच पुसलं जाई. त्याच्या चेनचा आवाज मात्र येत होता, मी त्याच्या आधारानं चालवत होते.

मग तो आवाज बंद झाला. काहीतरी घसरल्यासारखं झालं, थोडी माती पडली.

आणि हाक आली. "बाई." उजवीकडून, खालून. एकदाच.

मी ब्रेक दाबले, एक पाय खाली टेकला आणि वाट पाहत उभी राहिले.

हे लिहायला लाज वाटते. माझा भाऊ पुढे होता, आवाज त्याचा होता, एवढी अक्कल मला होती. तरी माझं सगळं अंग दुसऱ्या हाकेची वाट बघत होतं. रानात वानर नाही, पाखरू नाही, नुसतं पानांवरून दव गळत होतं. डोकं म्हणत होतं, प्रणित पडलाय, जा. आणि दुसरं कोणीतरी माझ्या आतून म्हणत होतं, प्रणित असता तर परत बोलावलं असतं, हे ते दुसरं आहे, ओ दिलीस तर धुक्यातून वर येईल. मला इतकी भीती आयुष्यात एकदाच वाटली होती. तेव्हाही मी अशीच उभी होते.

गेल्या वर्षीचा एप्रिल, सकाळी साडेसहा. मी तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली मोहफुलं वेचत होते. बाबा पारीवर जाळं सोडवत होते. मधे बेशरमाची झाडी, त्यामुळे दिसत नव्हते. आठवडाभर वाघीण गावाभोवती फिरत होती, म्हणून जीव आधीच मुठीत. आणि हाक आली, "चंदे." मी टोपली धरून उभी राहिले. दुसरीची वाट पाहिली. दुसरी आली नाही. बाबा दोनदा मारतात, ही एकच आहे, म्हणजे हे बाबा नव्हेत. असा सरळ हिशेब केला मी. टोपली तिथेच टाकली आणि मागच्या वाटेनं घरी पळाले, दार लावून घेतलं. दोन तासांनी बाबा पारीवर सापडले, पाय पाण्यात, हातात जाळं. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि लवकर आणलं असतं तर जगले असते.

बाबांनी रीत मोडली नव्हती. त्यांना दुसरी हाक मारायला दम उरला नव्हता. आणि मी गावाला, आईला, प्रणितला सांगितलं, मला काहीच ऐकू आलं नाही.

हे सगळं त्या धुक्यात उभ्या उभ्या आठवलं. सायकल हातातून सुटली. आणि मी ओ दिली. नुसती ओ. इतक्या जोरात की घसा फाटला. मग थांबलेच नाही, ओ, ओ, ओ करत दरडीच्या कडेला गेले आणि बसल्या बसल्या घसरत खाली उतरले. खालून काय वर येईल याची भीती गेली नव्हती. पण आता यायचं तर येऊ दे, असं झालं होतं.

तो दहा-बारा हात खाली एका झाडाच्या मुळांना अडकला होता. सायकल त्याच्या अंगावर, डावा खांदा भलत्याच जागी, ओठ पांढरे. त्याच्या पायांखालून माती सुटून नदीत पडत होती. मी त्याचा कमरेचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हातानं मूळ.

"दुसरी मारूनच राह्यलो होतो, बाई," तो म्हणाला. एकेक शब्द थांबत. "पन दमच नाई निघून राह्यला."

हे शब्द ऐकले आणि माझं जे काही बांधलेलं होतं ते तुटलं. कोणती जागा, कोणती वेळ, काही पाहिलं नाही. तिथेच, त्याचा पट्टा धरून, सांगून टाकलं. बाबानं हाक मारली होती. मला ऐकू आली होती. एकच आली म्हणून मी पळून गेले. मी तुझ्याशी खोटं बोलले, तेराव्याला बोलले, काल दोनदा बोलले.

त्यानं नदीकडे तोंड फिरवलं. पाणी तर दिसतही नव्हतं.

मी तीन शिट्ट्या वाजवल्या, पुन्हा तीन. खुशबू आणि धनराज मागे होते, त्यांनी दोरी टाकली. तिघांनी मिळून त्याला वर काढायला अर्धा तास लागला. खांद्याजवळचं हसळीचं हाड मोडलंय. गाडीत घालताना मी त्याचा हात धरायला गेले, तर त्यानं तो पोटावर ओढून घेतला. दुखत असेल. किंवा दुखत नसेल. "सायकल आन," एवढंच बोलला, तेही धनराजला.

त्याला अहेरीच्या दवाखान्यात नेलं. मीही गाडीत बसत होते. त्यानं मान हलवली, नको अशी. मग मी उरलेला टप्पा कसा कापला ते आठवत नाही. संध्याकाळी दोनदा फोन लावला, उचलला नाही.

देवानंद सरांनी लॅपटॉपवर आमचे ठिपके दाखवले. एक ठिपका काठावरून खाली सरकलेला, दुसरा जागच्या जागी थांबलेला. सर म्हणाले, "शाबास, चाळीस सेकंदांत पोचलीस." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. मला मात्र ते चाळीस सेकंद मोजताच येईनात, कधी खूप वाटतात, कधी काहीच नाही.

जोडी मोडली की नंबर मिळत नाही, पण एकटीनं शेवटपर्यंत जाता येतं. सर म्हणाले, विचार कर. खुशबू म्हणाली, "दीदी, हमारे संग चला, अकेले कायले?"

जाणार आहे. तो अहेरीत असेल की चंद्रपूरला निघून गेला असेल, माहीत नाही. सिरोंच्याला येईल असं वाटत नाही. कशाला येईल?

१५ डिसेंबर, रविवार. सिरोंचा

एक्कावन्न किलोमीटर एकटीनं केले. खुशबू आणि धनराज पहिल्या दहा किलोमीटरमध्येच दिसेनासे झाले. त्यांना अजून नंबर मिळणार होता, मीच त्यांना पुढे जा म्हटलं.

रानात मी एकटी होते. चाकाखाली काटकी मोडली तरी दचकत होते. पण सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. घाटावर पिवळं जाकीट असेल की नसेल. नसेल तर सणाला तरी येईल का. आईला काय सांगेल. तिला मीच सांगायला हवं, त्याच्या आधी. बेचाळीसाव्या किलोमीटरला रान संपून मिरचीची शेतं लागली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सकाळपासून वाघ एकदाही मनात आला नव्हता.

शेवटचे दोन किलोमीटर रेती. सायकल ढकलावी लागत होती. वारा समोरून, डोळ्यांत धूळ, काही दिसेना. पुढे प्राणहितेच्या घाटावर लाऊडस्पीकर लागलेला, आधी आलेले लोक टाळ्या वाजवत होते, कोणासाठी कोण जाणे. मी मान खाली घालून ढकलत होते, वर बघायची हिंमत नव्हती. पिवळं दिसलं नाही तर उरलेला रस्ता कसा चालायचा?

"बाई!"

एकदा.

"ओ!" मी ओरडले. थांबले नाही, विचार केला नाही, मान वर व्हायच्या आधी तोंडातून निघालं. इतकं जोरात की लाऊडस्पीकरवाला गप्प झाला आणि लोक हसले.

एक श्वास घेण्याइतका वेळ गेला. मग दुसरी हाक आली, सावकाश, बाबांसारखी लांबवून. "बाईऽ."

तो घाटाच्या पायरीवर उभा होता. हात गळ्यात बांधलेला, जाकीट एकाच बाहीत. रात्र दवाखान्यात काढून पहाटेच्या बसनं आला होता, डॉक्टरला न विचारता. मी सायकल रेतीत टाकली. मिठी मारता येईना, खांदा मोडलेला, म्हणून त्याच्या चांगल्या हाताला धरून रडले. भर घाटावर, सगळ्यांसमोर. तोही रडला. खुशबूनं फोटो काढला, तिला सांगून पुसायला लावला पाहिजे.

मग चहा घेऊन पाण्याजवळ बसलो. पलीकडे तेलंगणाचा काठ दिसत होता. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला,

"मले माहीत होतं, बाई."

"काय?"

"तुही टोपली मोठ्या झाडाखाली होती. मी तिथी उभा राह्यलो आन विक्कीले पारीवरून हाक माराले लावली. साफ आयकू येते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच पाह्यलं."

विक्की आमचा शेजारी. दीड वर्ष झालं. दीड वर्ष हा सणाला येत होता, जेवत होता, आईच्या पाया पडत होता.

"तुले राग नाई आला?"

"आला ना. लय आला." त्यानं कप रेतीत टेकवला. "पन राग एकच काम करत होता, मले गावात येऊ देत नव्हता. बाबा तं गेलाच. तूबी गेल्यावानीच झाली होती."

"मंग विचारलं काऊन नाई सरळ? शर्यतीत कशाले आणलं मले?"

"विचारूनच राह्यलो होतो ना," तो म्हणाला. "दीड वर्सं हाकच मारून राह्यलो होतो, बाई. तू ओ देत नव्हती."

मी त्याच्याकडे वळले आणि हळूच, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ओ म्हणाले.